कुलपातली वात

आमच्या घराचं समोरचं दार फायबरचं आहे. दिसायला सागवानासारखं, रेषा आणि गाठींसकट. पण बोटाच्या पेरानं वाजवलं की सुकलेल्या भोपळ्यासारखा आवाज येतो. कडेनं लाकडाची चौकट, आतून-बाहेरून फायबरची पातळ कातडी आणि मधे फेस भरलेला. भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, पुसदला दारं-खिडक्यांच्या दुकानात कामाला आहेत. गिऱ्हाइकांना दाखवायला दुकानात एक नमुन्याचं दार उभं असायचं. नवा नमुना आला तेव्हा मालकानं जुना भाऊजींना देऊन टाकला. भाऊजींनी तो मालवाहू ऑटोत आडवा घातला, घाटंजीजवळच्या आमच्या खेड्यात आणला आणि स्वतःच बसवला. घरकुलाच्या वेळचं पत्र्याचं दार मागच्या बाजूला गेलं.

या दाराचं कुलूप म्हणजे एक प्रकरण होतं. नुसती किल्ली फिरवून ते लागत नाही. आधी हँडल वर उचलायचं. उचललं की दाराच्या कडेतून वरून एक आणि खालून एक असे लोखंडी आकडे बाहेर येतात आणि चौकटीतल्या खाचांत अडकतात. मग किल्ली. हँडल पुरतं वर गेलं नाही तर किल्ली फिरत नाही, आणि किल्ली फिरली नाही तर बाहेरून कोणीही हँडल दाबून आत येऊ शकतं. दाराला ना कडी, ना कोयंडा. साधं कुलूप अडकवावं म्हटलं तर जागा नाही. एकदा कोयंडा ठोकून पाहिला होता. स्क्रू फेसात गरगर फिरत राहिला आणि हातात आला.

आईला दार फार आवडलं. वस्तीत असं दार कोणाकडे नव्हतं. बायका येऊन हँडल वर-खाली करून जायच्या. मी यवतमाळला शिकत होते. सुट्टीत आले आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, की ज्या घरात चोरण्यासारखं काही नाही त्या घराला असलं कुलूप म्हणजे श्रीमंतांची भीती गरिबांनी उसनी आणणं आहे. आई पोळ्या करत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "पत्रक वाचू नको. हात धू अन् जेवाले बस."

पत्रक हा आमच्या घरातला जुना शब्द. बाबा होते तेव्हा पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, एसटीत आणि बाजारात वाटायचे. गुलाबी आणि पिवळे, पातळ कागद. बोटांना शाई लागायची. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले, त्यामुळे 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'जाहीर आवाहन' वाचता येत होतं. याचा परिणाम असा झाला, की मला आजही एखादी गोष्ट नुसती सांगता येत नाही. मी ती मांडते. अन्याय कुठे आहे ते दाखवते, आणि शेवटी समोरच्याला प्रश्न विचारते. बाबांना हे कौतुकाचं वाटे. ते गेल्यावर आई एकटीच ऐकणारी उरली, आणि तिला कामं असतात.

दाराबद्दलचं माझं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. जुनं पत्र्याचं दार होतं तेव्हा बाहेर जाताना आम्ही कडी ओढायचो आणि शेजारी आवाज द्यायचो, "घराकडे पाहजो वं." शेजारची काकू चुलीपुढून "हो" म्हणायची, की झालं कुलूप. मला वाटायचं, आमच्या वस्तीची खरी कमाई कुठली असेल तर ही. एका शब्दावर घर सोडून जाता येणं.

आता त्या दिवसाकडे येते. एप्रिल संपत आला होता. समोरच्या खोलीत कापूस होता, भिंतीला लागून कमरेच्या वर. आमच्याकडे हे नवं नाही. भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायचा आणि उरलेल्या जागेत राहायचं. पंखा लावला की बारीक तंतू उडतात. चहावर बसतात, केसांत बसतात, रात्री अंगाला खाज सुटते. तरी तो घरात आहे तोवर घर भरल्यासारखं वाटतं.

ताईला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या वेळी रिवाजाप्रमाणे तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं, पण सातव्या महिन्यातच पुसदला कळा सुरू झाल्या. फोन आला तेव्हाही घरात कापूस होता. आई तो कोणाच्या भरवशावर सोडावा या विचारात राहिली. कोणी भेटलं, मग गाडी चुकली, आणि ती पोचली दुसऱ्या दिवशी. तोवर सगळं होऊन गेलं होतं. मूल राहिलं नव्हतं. ताईनं आईला कधी काही म्हटलं नाही. आईनंही नाही. पण त्यानंतर ताईचा फोन आला की आई तो उभ्यानं घ्यायची. बसून बोलायचीच नाही.

या वेळी ताई डॉक्टरांच्या नजरेखाली पुसदलाच होती. तिचा रक्तगट निगेटिव्ह आहे आणि माझाही तोच, म्हणून मलाही तयार राहायला सांगितलं होतं. मी आदल्या संध्याकाळीच यवतमाळहून घरी आले होते. दोघींनी दोन दिवसांनी निघायचं ठरलं होतं. सकाळी भाऊजींचा फोन आला. बाळाचे ठोके कमी-जास्त होत आहेत, संध्याकाळपर्यंत ऑपरेशन करावं लागेल, तुम्ही आजच या.

आईनं पिशवी आधीच भरून ठेवली होती. लुगड्याच्या मऊ धडप्या, डिंकाचे लाडू, जुनी दुपटी. मागचं दार आतून बंद केलं, पाण्याचा माठ झाकला, पायात चपला घातल्या आणि ती हँडल उचलायला गेली. हँडल अर्ध्यावर जाऊन थांबलं.

तिनं पुन्हा उचललं. मी उचललं. दोघींनी मिळून उचललं. ते तिथेच थांबत होतं, जणू आतून कोणी हात धरला आहे.

आईनं सांगितलं, की हे दार पंधराएक दिवसांपासून असंच करून राह्यलं. सकाळी बरं असते, दुपारी रुसते. आज सकाळीही रुसलं. मग तिनं खोबरेल तेलाची बाटली आणली आणि किल्लीच्या भोकात धार सोडली. मी विचारलं, याआधी कितीदा सोडलंस? ती म्हणाली, जेव्हा जेव्हा अडकलं तेव्हा तेव्हा. शिवणयंत्राला तेल लागतं, बिजागरीला तेल लागतं, गाडीच्या कण्याला वंगण लागतं. कुलपाला का नको?

तेलानं काही झालं नाही. मी म्हणाले, दार नुसतं ओढून घेऊ, काकूला सांगू आणि निघू. आई जागची हलली नाही. मग माझा आवाज चढला. मी म्हणाले, एका ढिगाऱ्यासाठी तू मागच्या वेळी थांबलीस. हे बोलायला नको होतं, पण ते बोलून झालं होतं. त्यावर मी आणखी बोलले. मालमत्ता माणसाला कशी बांधून ठेवते, कुलूप म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर केलेला आरोप कसा आहे, आपल्या वस्तीत चोर आहे का, दाखव.

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "चोर नाही म्हनूनच कुलूप पाहिजे."

मला ते समजलं नाही.

"दार उघडं टाकून गेली अन् उद्या काही गेलं, तं मी कोनाकडे पाहू? सगळ्याइकडेच पाहीन ना. काकूकडे बी पाहीन. तोंडानं नाही म्हननार, पन मनात येईनच. अन् पोलीस पहिले कोनाच्या दारी जाईन, हे मी तुले सांगू काय?"

ते सांगायची गरज नव्हती. गावाबाहेर काही भटक्या कुटुंबांची पालं आहेत. मागे एकाच्या विहिरीवरची मोटर गेली तेव्हा कोणी काही न विचारता पालातल्या माणसाला उचलून नेलं होतं. तो मार खाऊन परत आला, आणि नंतर मोटर मालकाच्या भावाच्या गोठ्यात सापडली. त्या वेळी बाबांनी पत्रक काढलं होतं. मी लहान होते, पण त्यातली वाक्यं मला पाठ होती. जी गोष्ट मला पाठ होती, तिचा दाराशी संबंध आईनं जोडला. माझ्या डोक्यात तो आलाच नव्हता.

तरी मी लगेच हरले असं नाही. मी म्हणाले, मग काकूला घरात बसव. काकू तेवढ्यात दारात येऊन उभी राहिलेलीच होती, हातात डबा, डोक्याला रुमाल, शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायला निघालेली. आमचं भांडण तिच्या घरापर्यंत ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, बसतो ना मी, त्यात काय. आईनं मान हलवली. पुसदला किती दिवस लागतील याचा पत्ता नाही, तितके दिवस हिनं रोजी बुडवायची काय? आणि कापसात एखादी ठिणगी पडली तर हिच्या डोक्यावर ते कायमचं. नाही.

म्हणजे कुलूप लागल्याशिवाय आई निघणार नव्हती, आणि ती निघाली नाही तर ताई पुन्हा एकटी असणार होती. एवढं सरळ होतं सगळं. मी भाऊजींना फोन लावला. ते दवाखान्यात धावपळीत होते. त्यांनी घाईघाईत सांगितलं, दाराच्या कडेला पट्टी आहे, तिचे स्क्रू काढ, मधला लांब स्क्रू काढला की किल्लीचा गट्टू निघतो, हँडल सुटतं, मग पूर्ण पट्टी बाहेर ओढ. मधे एक डबी आहे. सगळं त्या डबीत असतं. आणि मग कोणीतरी त्यांना हाक मारली.

आमच्याकडे एक पेचकस होता. काकूनं आपल्या घरून दुसरा आणला. स्क्रू एकेक करून वाटीत टाकत गेले. किल्लीचा गट्टू सरळ ओढून निघेना. किल्ली किंचित वाकडी धरली तेव्हा तो सरकला. मग लांबच लांब लोखंडी पट्टी दाराच्या कडेतून ओढली, आणि मधली ती डबी माझ्या मांडीवर आली. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, तेलानं माखलेली. तिच्या झाकणाचे बारीक स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत दातेरी चाक असेल असं वाटलं होतं. चाक दिसलंच नाही. आत कापूस होता. पंख्यानं उडवलेला, किल्लीच्या भोकातून शिरलेला, तेलात भिजलेला, आणि हँडलच्या प्रत्येक वर-खालीबरोबर दाबला गेलेला. घट्ट, पिवळा, पीळ दिलेला. आईनं सेफ्टी पिन दिली. मी टोक अडकवून ओढलं तर तो लांबट तुकडा अखंड बाहेर आला.

काकू वाकून पाहत होती. ती म्हणाली, "माय वं, कुलपात वात वळली. काडी लाव, दिवा लागते."

आई हसली. त्या सकाळी पहिल्यांदाच. आणि नेमकं त्याच वेळी मी दुसरा तुकडा ओढला, त्याच्याबरोबर एक स्प्रिंग सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि कापसाच्या ढिगात पडली.

आम्ही तिघी ढिगाकडे पाहत राहिलो. स्प्रिंग किती मोठी होती ते मला नीट दिसलंही नव्हतं. मुगाच्या दाण्याएवढी असेल. ती नसेल तर डबीतला खटका जागेवर राहणार नाही, एवढं मला कळत होतं. मी कापूस दोन्ही हातांनी उपसायला लागले. आईनं माझा हात धरला. असा उपसला तर ती आणखी खाली जाईल. तू कुलूप साफ कर, हे आम्हाला करू दे.

आई आणि काकू ढिगापुढे पाय पसरून बसल्या. वरचा एकेक पुंजका घ्यायचा, बोटांनी विंचरायचा, झटकून मागे टाकायचा. बाजाराला न्यायच्या आधी कापसातला पालापाचोळा आणि काडी याच रीतीनं काढतात, आणि त्यांच्या बोटांना ते काम डोळ्यांशिवाय येतं. दोघी बोलत होत्या. काकूनं ताईच्या लग्नात भाऊजींचा बूट कसा लपवला होता ते सांगितलं. मला राग येत होता, की यांना घाई कशी नाही. पण मी पाहिलं तेव्हा आईची बोटं तोंडापेक्षा खूप वेगानं चालत होती.

मी डबी साफ करत होते. काकूच्या मुलाच्या मोटरसायकलमधून थोडं पेट्रोल काढून आणलं, त्यात चिंधी बुडवून तेलाचा राप पुसला. दातांमधला कापूस पिननं कोरला. सायकलच्या पंपानं फुंकर मारली. चाक आता मोकळं फिरत होतं. पुन्हा तेल घालायचं नाही हे उघड होतं, पण कोरडं ठेवावं तर लोखंड लोखंडावर घासत होतं. बाबांच्या जुन्या पेटीत शिसपेन्सिली होत्या. एकीचं शिसं ब्लेडनं खरवडलं आणि ती काळी भुकटी चाकावर टाकली. भुकटी तंतू धरत नाही. चाक रेशमासारखं फिरलं.

"हे पाहाय," आई म्हणाली. तिच्या अंगठ्यावर स्प्रिंग होती.

मी ती बसवली, झाकण लावलं, पट्टी आत सरकवली, गट्टू, हँडल, स्क्रू. दार उघडं ठेवूनच हँडल उचललं. खट्‌ करून दोन्ही आकडे बाहेर आले. किल्ली फिरली. काकूनं टाळी दिली. मी किल्ली उलटी फिरवून आकडे आत घेतले, दार ओढून घेतलं आणि हँडल पुन्हा उचललं. ते अर्ध्यावर थांबलं.

त्या क्षणी मी दाराला लाथ मारली हे खरं आहे.

आई मात्र दाराकडे बघत उभी होती. ऊन आता अंगणात आलं होतं आणि सरळ दारावर पडत होतं. घाटंजीकडचं एप्रिलचं ऊन. दाराला हात लावला तर चटका बसत होता. ती म्हणाली, पाहाय ना, हे वरून फाकते. मी गाल चौकटीला लावून पाहिलं. खरंच, मधे दार चौकटीला घट्ट टेकलं होतं, आणि वरचं टोक बोटभर आत गेलं होतं. खालचंही. उन्हानं बाहेरची कातडी तापून ताणली होती आणि आख्खं दार धनुष्यासारखं बाहेरच्या बाजूला वाकलं होतं. आकडे बाहेर येत होते, पण खाचा त्यांच्या समोर नव्हत्या. सकाळी लागतं, दुपारी रुसतं, ते यामुळे. त्याला रुसलेलं पाहून आई तेल ओतत होती, तेलानं तंतू धरले, आणि आज सकाळच्या गारव्यातही ते अडकलं ते त्यामुळे. एकाच दाराचे दोन आजार होते, आणि पहिल्याच्या औषधानं दुसरा झाला होता.

"तापलं तं थंड करा," काकू म्हणाली, माणसाला ताप आल्यावर म्हणावं तसं.

पोती आणली. कापूस भरायला ठेवलेली, रिकामी. हौदात बुडवली, पिळली नाही, तशीच दारावर वरपासून खालपर्यंत टांगली, वर खिळ्याला दोरी बांधून. वरून तांब्यानं पाणी मारत राहिलो. पायरीवर चिखल झाला. येणारे-जाणारे थांबून विचारत होते की दाराला आंघोळ काहून घालून राह्यल्या. काकू म्हणाली, पुसदले जायाचं आहे त्याले, तयार करून राह्यलो. मी वरच्या टोकावर हात ठेवून होते. हळूहळू चटका गेला, मग कोमट झालं, मग गार. मी पोतं बाजूला सारलं, दार घट्ट ओढून धरलं, आणि आईला म्हणाले, आता तू उचल.

तिनं हँडल उचललं. ते वर गेलं, पुरतं वर. तिनं किल्ली फिरवली आणि काढली. मग हँडल दाबून पाहिलं. दार हललं नाही.

आता मी जेव्हा जेव्हा घरी जाते तेव्हा त्या दाराचं काही ना काही करते. आकडे कोरड्या फडक्यानं पुसते, किल्लीला शिसपेन्सिल घासून ती भोकात दोन-चारदा फिरवते. बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले झाले की दार खाली बसतं आणि आकडे घासायला लागतात, म्हणून ते आवळते. चौकटीतल्या खाचांच्या पट्ट्या भाऊजींनी नंतर किंचित सरकवून दिल्या. उन्हाळ्यात दारावर बाहेरून बारदानाचा पडदा असतो, आणि कापूस घरात असताना किल्लीच्या भोकावर चिकटपट्टी. खोबरेल तेल केसांना. जोरानं उचलायचं नाही. अडलं तर का अडलं ते आधी पाहायचं. हे मी आईला सांगते तेव्हा ती म्हणते, हे तुह्यासाठी बी लिहून ठेव.

त्या दिवशी आम्ही ओल्या पायांनी निघालो. घाटंजीपर्यंत काळीपिवळी जीप मिळाली. पुढे आर्णीची एसटी लगेच लागली, आणि आर्णीला दिग्रसकडची गाडी उभीच होती. आई खिडकीशी बसली होती, मांडीवर लाडवांची पिशवी. तिच्या केसांत अजून कापूस होता. मी काढायला गेले तर तिनं डोकं मागे घेतलं. दिग्रस सोडल्यावर भाऊजींचा फोन आला, ताईला आत न्यायची तयारी सुरू आहे. आई म्हणाली, त्यांना सांग आम्ही येऊन राह्यलो. मी सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, सांग, येऊनच राह्यलो.

पुसदच्या स्टँडवरून ऑटो केला. दवाखान्याचा जिना आई माझ्या पुढे चढली. ताई स्ट्रेचरवर होती, हिरवा गाऊन, केस बांधलेले, सलाईन लावलेलं. वॉर्डबॉय तिला ढकलत दाराकडे निघाला होता. तिनं आम्हाला पाहिलं.

"आली वं आई?"

"आली," आई म्हणाली. तिनं ताईच्या कपाळावरून हात फिरवला. तिच्या हाताला खोबरेल तेलाचा आणि ओल्या बारदानाचा वास येत असणार. "जाय आता. मी अठीच आहो."

दार लोटलं गेलं. भाऊजी भिंतीला टेकून उभे होते, मी खुर्चीवर. मला आठवतं, की मी त्या वेळी काहीच मांडत नव्हते. डोक्यात एक वाक्यही तयार नव्हतं. माझं रक्त घेऊन ठेवायचं का असं मी नर्सला विचारलं, तिनं थांबा म्हणून सांगितलं, आणि मग ते लागलंच नाही. बाहेर उजेड होता तेव्हाच आतून रडण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग चांगला तक्रारीचा. भाऊजी खाली बसले, फरशीवरच.

मुलगी झाली होती. नर्सनं तिला आणून दाखवलं आणि आईनं तिला दोन्ही हातांत घेतलं. तिच्याकडे फक्त पाहत राहिली. मग मुलीला परत दिलं, ताईचं कसं आहे ते विचारलं, दोनदा विचारलं, आणि ठीक आहे असं दोनदा ऐकून घेतलं. त्यानंतर म्हणाली, मले भूक लागली. सकाळपासून आम्ही दोघींनी काही खाल्लं नव्हतं. भाऊजींनी खालून आलूपोहे आणि चहा आणला. आईनं पोहे पुरते संपवले, चहाला साखर कमी आहे म्हणाली, आणखी मागवली. मग ती बाकावर भिंतीला पाठ टेकून बसली. काकूच्या मुलाच्या लग्नाचं काहीतरी सांगायला लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज थांबला. मी पाहिलं तर तिला झोप लागली होती.

थोड्या वेळानं नर्स आली. ताई शुद्धीवर आली होती आणि आईला विचारत होती. नर्सनं विचारलं, पेशंटची आई कोण आहे?

मी म्हणाले, "ह्या. पण पाच मिनिटं उठवू नका. ताईला सांगा, आई इथंच आहे, बाहेर झोपली आहे."